नाई पेटली

हिवरदऱ्यात आग लागत नसे. लागत नसे म्हणजे लागूच शकत नसे. चौकात रॉकेलचा पिंप ओता, वर वाळलेला कडबा टाका, त्यावर मागच्या निवडणुकांचे सगळे जाहीरनामे रचा आणि खुशाल काड्या ओढत बसा. बोटांना फोड येतील, कडब्याला धग लागणार नाही.

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. हिवरदऱ्याच्या कोंबड्याचंही बाहेरच्यांना खोटंच वाटायचं. तो पहाटे 'कुकूच' एवढं म्हणून थांबायचा, दम खायचा आणि उरलेला 'कू' लोकांचा चहा झाल्यावर द्यायचा. नवरा-बायकोचं भांडण चार शब्दांत आटपायचं, त्यामुळे तिथल्या बायका शिवी फार पारखून देत. बँडवाल्यानं सनई आणि क्लॅरिनेट मोडीत काढून नुसते ताशे ठेवले होते. एकदा बाहेरून एक पुढारी आले. 'माझ्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो' एवढं म्हणाले आणि खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. त्या भाषणाला पडल्या तितक्या टाळ्या हिवरदऱ्यात आधी कधी पडल्या नव्हत्या.

गावाला दम नव्हता. आणि तो मुद्दाम काढून घेतलेला होता.

वर्धा नदीच्या कोळसापट्ट्यातलं हे गाव. पणजोबांच्या काळापासून खालची जमीन पोखरून कोळसा काढलेला. कोळसा संपला तशी खदान बंद झाली, पण तिच्या पोटातला गॅस काही बंद झाला नाही. त्याला रंग नाही, वास नाही. तो भेगांतून वर यायचा, फरशीखालून घरात शिरायचा आणि आढ्याशी जाऊन गप बसायचा. मग सकाळी कुणी बाई चहा ठेवायला शेगडी पेटवायची आणि बाई, शेगडी, चहा सगळं शेजारच्या वावरात जाऊन पडायचं. घरून चहा पिऊन निघालेला माणूस रस्त्यात दुसऱ्याला भेटला की नुसतं 'जमलं बा' म्हणायचा. दुसऱ्याला कळायचं.

सरकारनं गाव हलवायचं ठरवलं. तीन जागा पाहिल्या. एकीला पाणी नव्हतं, दुसरीतून रस्ता जाणार होता आणि तिसरी फक्त नकाशात होती. तेव्हा एक कंपनी पुढे आली. म्हणाली, गाव हलवू नका, हवा हलवा.

त्यातलं शास्त्र चुलीपुढे बसणाऱ्या कुणालाही कळेल असं होतं. जाळ होण्यासाठी जळणारी वस्तू हवी, ठिणगी हवी आणि हवेतला प्राणवायू हवा. गॅस जमिनीतून येतो, तो थांबवता येत नाही. ठिणगी माणसाच्या हातून पडते, ती तर मुळीच थांबवता येत नाही. राहिला प्राणवायू. बाहेरच्या हवेत शंभरातले एकवीस भाग तो असतो, उरलेला जवळजवळ सगळा नायट्रोजन. प्राणवायू कमी करत बाराच्या खाली आणला, तर हा गॅस जळू शकत नाही. मग गॅस किती का असेना आणि ठिणगी कसली का असेना. ठिणगीपाशी थोडं पेटतं, पण त्याची धग आजूबाजूचा नायट्रोजनच पिऊन टाकतो, शेजारच्या गॅसपर्यंत पोचूच देत नाही. आणि माणूस? माणूस धापा टाकतो, पण जगतो. जगात फार उंच डोंगरांवर खाणकामगारांची गावं आहेत, तिथं साधारण एवढ्याच प्राणवायूवर लोक लग्नं करतात, पोरं वाढवतात. आग आणि माणूस एकाच ताटात जेवतात. ताट इतकं रिकामं करायचं की आग उपाशी मरेल आणि माणूस उपाशी जगेल. आगीचं मरण आणि माणसाचं मरण यांच्या मधोमध एक फट होती, त्या फटीत कंपनीनं अख्खं गाव बसवलं.

गावावर पारदर्शक पडद्याचा एक अवाढव्य मांडव घातला. लोक त्याला चांदवा म्हणायचे. वेशीवर दुहेरी फाटक. एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. बाहेरची हवा केसासारख्या पोकळ धाग्यांच्या जुडग्यांतून गाळून तिच्यातला नायट्रोजन आत सोडायचा आणि चांदव्याखाली प्राणवायू साडेअकरावर ठेवायचा. स्वयंपाक विजेवर. आणि रोज सकाळी एक लाल गोळी, म्हणजे रक्त दाट होऊन आहे तेवढ्यात भागवायला शिकतं.

त्या दिवसापासून हिवरदऱ्यात एकही घर उडालं नाही. कोंबड्याचा तेवढा आवाज गेला.

आता लटारी आसुटकरचं सांगतो. खदान चालू होती तेव्हा हा खाली गॅस तपासायच्या कामावर होता. चांदवा उभा राहिला तेव्हा कंपनीनं चौकात आकडे दाखवणारं यंत्र लावलं. लोक त्याच्याकडे पाहून थुंकले, कारण सरपंचाचं घर उडालं त्या सकाळीही असलंच एक यंत्र हिरवा दिवा लावून उभं होतं. गाव फाटकाबाहेर जमलं, आत पाय टाकेना. तेव्हा लटारी एकटा चौकात गेला, खिशातून आगपेटी काढली आणि काडी ओढली. निम्मं गाव पळालं, निम्मं खाली बसलं. काडीच्या डोक्यानं 'फुस्स' केलं, क्षणभर चमकलं, आणि दांडी पेटायच्या आत विझून गेलं. काडीच्या डोक्यात प्राणवायू आधीच भरलेला असतो, म्हणून तेवढं डोकं कुठेही पेटतं. लाकडाला मात्र भोवतालची हवा लागते.

लटारीनं विझलेली काडी वर धरली आणि हाळी दिली, "नाई पेटली."

एवढ्या दोन शब्दांवर गाव आत राहायला आलं. पुढे रोज सकाळी लटारीनं गल्लीगल्लीत काडी ओढायची आणि हाळी द्यायची असा पायंडाच पडला. कंपनीनं त्याला पगार लावला, गणवेश दिला. बायका विझलेली काडी मागून घ्यायच्या आणि दाराच्या चौकटीत खोचायच्या. लग्नात होमाच्या जागी लाल दिव्याची पेटी असायची, पण मंगलाष्टकांच्या आधी लटारीची काडी ओढल्याशिवाय अंतरपाट हलत नसे. रस्त्यात राम राम बंद झाला. एकानं म्हणायचं 'पेटली का?', दुसऱ्यानं म्हणायचं 'नाई पेटली', आणि दोघांनी आपापल्या वाटेनं धापा टाकत जायचं.

ही काडी मानत नव्हतं असं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे लटारीची बायको शेवंता. ती म्हणायची, जन्मभर विझवायचाच पगार खाल्ला या माणसानं. त्यानं घरात काडी ओढली की कपाळाला हात लावायची.

त्यांना एकच लेक, कुंदा. तिला लहानपणापासून सिकलसेल. त्या भागात हे घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल असतात. प्राणवायू कमी पडला की या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात आणि बाभळीच्या फांद्या नाल्यात अडकाव्यात तशा बारीक नसांत अडकून बसतात. मग जी कळ उठते ती सांगता येत नाही. म्हणून चांदवा उभा राहिला त्याच वर्षी कुंदाला वरोऱ्याला मावशीकडे ठेवलं. ती तिथेच वाढली, तिथेच एका ट्रकवाल्याशी लग्न झालं, आणि तिला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे हवेच्या टक्क्यांवर ठरत नसतं. तरी बाहेरच्या डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं की चांदव्याखाली पाऊल टाकायचं नाही. शेवंताचंही तेच म्हणणं होतं. मीच वरोऱ्याला जाते म्हणाली. पण लटारीनं गावातल्या कितीतरी लेकींना माहेरी बोलावून घेतलं होतं. अलीकडे गावात पोरं फार हलकी जन्मत होती, बायका कुजबुजत होत्या, आणि प्रत्येकीच्या बापाला लटारीनं सांगितलं होतं की मी आहे ना, माझी काडी आहे ना. आता काडीवाल्याचीच पोरगी बाळंतपणाला बाहेर राहिली तर त्या काडीला कोण विचारणार? आणि कुंदालाही यायचंच होतं. लहानपणी घराबाहेर काढलेल्या पोरीला एकदा तरी आईच्या घरी भरल्या पोटानं निजायचं होतं.

आली. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिच्या मांड्यांत कळ उठली. ओठ जांभळे पडले. शेवंता म्हणाली, "फाटकाबाहेर. आत्ताच्या आत्ता." लटारी सकाळपर्यंत थांब म्हणाला.

सकाळपर्यंत थांबायला त्यानं एक उपाय काढला होता. मागे मोठी साथ आली होती तेव्हा घरोघरी प्राणवायू गाळायची यंत्रं घेतलेली होती. आता ती माळ्यांवर धूळ खात पडली होती. चांदव्याखाली ती लावायला सक्त मनाई होती. लटारीनं शेजारच्या पत्रू डाहुलेच्या माळ्यावरून एक उतरवलं, परसात ठेवून चालू केलं आणि नळी खिडकीतून आत घेऊन कुंदाच्या नाकाला लावली. नायट्रोजन परसात सुटे, प्राणवायू खोलीत येई. तो बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीच्या फटी गोधड्यांनी बुजवल्या, दाराला वाकळ लावली. घरातला गॅसची सूचना देणारा भोंगा तेवढा कोकलत होता, पण तो तर बाराही महिने कोकलायचा. गॅस गावात होताच, जळत नव्हता इतकंच. प्रत्येक घरात असतं तसं या भोंग्याच्या तोंडातही फडकं कोंबलेलं होतं.

पहाटे कुंदाचे ओठ गुलाबी झाले. तिनं भाकर मागितली. आणि मग एका दमात, न थांबता, ट्रकवाल्या नवऱ्याच्या घोरण्याची अशी नक्कल केली की शेवंता हसता हसता खाली बसली. एवढं लांब वाक्य त्या घरात कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

लटारी मात्र उंबऱ्यात उभा होता. मनाई मोडली होती, आणि तो घाबरलेला होता. त्यानं खोलीच्या आत हात घालून काडी ओढली. फुस्स. दांडी पेटली नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. काडी विझते ना, मग ठीकच आहे. शेवंतानं पहिल्यांदाच हात पुढे केला, ती विझलेली काडी मागून घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. त्या दिवसापासून ती रोज मागायची. आयुष्यभर काडीला हसलेल्या बाईला आता काडीशिवाय झोप येईना, कारण आता त्या काडीत तिची लेक होती.

गोष्ट अशी लपते थोडीच. ज्या घरातून लांब वाक्यं ऐकू येतात त्या घराकडे हिवरदऱ्यात सगळे कान लावणारच. पत्रूचा म्हातारा बाप खाटेवर पडून होता, दोन शब्दांत एकदा थांबायचा. पत्रू म्हणाला, "यंत्र माहं, न दम तुह्या पोरीले?" लटारीनं दुसरं यंत्र शोधून दिलं आणि पत्रूच्या घरी काडी ओढून पाहिली. नाई पेटली. मग कुणाची सून, कुणाचं अशक्त पोर. गल्लीत माळे रिकामे झाले. लटारी प्रत्येक घरी जायचा, काडी ओढायचा, विझलेली दाखवायचा. गल्लीला कंठ फुटला. भांडणं रंगायला लागली, उखाणे परत आले, पत्रूच्या बापानं तर एक अख्खी लावणी म्हटली आणि नंतर सगळ्यांच्या बापांचा उद्धार केला. असं सुख गावानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग एका दुपारी भेंडे मॅडमनं लटारीला बोलावणं पाठवलं. या कंपनीच्या इंजिनिअर. त्यांचं ऑफिस दुहेरी फाटकाच्या बाहेर, साध्या हवेत. बाई स्वभावानं सरळ. दरवर्षी गाव गोळा करून पडद्यावर चित्रं दाखवून हे सगळं समजावून सांगायच्या, आणि दरवर्षी अख्खं गाव जांभया देत बसायचं. कमी हवेत माणसाचं लक्ष सर्वांत आधी मरतं.

त्यांनी लटारीला पाणी दिलं. विजेचा खप पाहून यंत्रांचं त्यांना कळलं होतं. ओरडल्या नाहीत. कुंदा कशी आहे विचारलं. मग म्हणाल्या, "लटारीभाऊ, लाकूड पंधराच्या खाली विझतं. गॅस बाराच्या खाली. तुमच्या त्या खोल्या आता चौदावर आहेत."

लटारी म्हणाला, "पण काडी विझते, मॅडम."

"काडी लाकडाची आहे. ती लाकडाचं खरं सांगते. गॅसचं तिला कुणी विचारलंच नाही. बारा आणि पंधराच्या मध्ये लाकूड विझतं आणि गॅस पेटतो. तुम्ही काड्या ओढल्या तेव्हा त्या खोल्यांत पुरेसा गॅस नव्हता, एवढंच तुमचं नशीब."

लटारीनं विचारलं, आणि असता तर?

"तर काडी विझलेली बघायला तुम्ही राहिला नसता."

बाहेर आभाळ उतरलं होतं. बंगालच्या उपसागरात वादळ होतं, हवेचा दाब सकाळपासून पडत होता. हे मात्र लटारीला कुणी सांगायची गरज नव्हती. खदानीतला प्रत्येक माणूस जाणतो, वरचा दाब पडला की खालची खदान गॅसचा उसासा सोडते. मॅडम म्हणाल्या की लाउडस्पीकरवरून दोनदा सांगितलं, पण कुणी यंत्र बंद करत नाही. कंपनीला आमचा दम बघवत नाही म्हणतात. आत माणसं पाठवली तर मारामारी होईल. तुमचं ऐकतील. कुंदासाठी गाडी फाटकाबाहेर उभी केली आहे.

लटारी उठला. त्या साध्या हवेत त्याचं डोकं लख्ख झालं होतं. बारा, पंधरा, लाकूड, गॅस सगळं एका ओळीत उभं होतं. ती ओळ तशीच आत न्यायची होती. पहिलं फाटक लागलं, दुसरं उघडलं, आणि तो पळत सुटला.

साडेअकराच्या हवेत पळायचं नसतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. घरी पोचला तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता. त्यानं कुंदाच्या नाकातली नळी काढली, तिला उचललं आणि पत्रूच्या भाजीच्या ढकलगाडीवर निजवलं. शेवंता मागे धावली.

"काऊन?"

"गॅस."

"गॅस त रोजच हाय."

"बाहेर. चल."

ती निघाली, पण यंत्र चालूच ठेवून. खोलीचं दार तिनं ओढून घेतलं, वाकळ नीट लावली. पोरगी परत आली की खोली तयार असायला हवी.

गल्ली फाटकाकडे उतरती आहे. गाडी निम्म्या वाटेवर आली तेव्हा ओट्यांवर माणसं जमली होती. पत्रूनं गाडीपुढे पाय रोवले. काडीवाला आपली पोरगी घेऊन गावाबाहेर चालला, हे दृश्य कुणाला विचारात टाकणार नाही? लटारी धापा टाकत हातानं सांगत होता, यंत्रं बंद करा, बंद करा.

"काडी ओढ," पत्रू म्हणाला.

लटारीनं खिशावर हात दाबला. मान हलवली.

असं आजवर झालं नव्हतं. काडीवाल्यानं काडीला नाही म्हटलं होतं. मग पत्रू हसला, वाईट हसला. "समजलं बावा. पोरगी बाहेर. माहा बाप मरू दे."

शेवंतानं हे ऐकलं. तिनं एकदा गाडीवरच्या लेकीकडे पाहिलं. नळी काढल्याला किती थोडा वेळ झाला होता, तरी ओठांवर जांभळी छटा यायला लागली होती. फाटक लांब होतं. खोली जवळ होती, तयार होती, आणि पदराच्या गाठीत विझलेल्या काड्यांचा जुडगा होता. ती मागे वळली.

"घरात काड्या हायेत," ती पत्रूला म्हणाली. "विझली, त पोरगी मागं. कबूल?"

"कबूल," पत्रू म्हणाला.

लटारीला कळलं. त्याच्याकडे सांगायला सगळं होतं. काडी लाकडाची आहे, ती लाकडापुरतंच खरं सांगते, मधल्या तीन भागांत गॅस पेटतो आणि खोली त्या तीन भागांतच आहे. पण हे एक लांब वाक्य होतं, आणि हिवरदऱ्यात लांब वाक्याला हवा नव्हती.

"बारा," तो म्हणाला, आणि छाती वर-खाली झाली. "पंधरा..."

ओट्यावरच्या कुणाला तरी वाटलं, लटारी वाजले किती ते सांगतोय.

त्यानं गाडी सोडली आणि शेवंताच्या मागे धावला. दोन पावलांत पाठीमागे चाकं वाजली. उतारावर गाडी सुटली होती. कुंदा पोट धरून आडवी होती. तो फिरला, गाडीच्या दांडीला लोंबकळला, गुडघे फरफटले, गाडी थांबली. त्यानं मागे पाहिलं तेव्हा घराचं पुढचं दार उघडं होतं आणि शेवंता आत गेलेली होती.

"शेवंते," त्यानं हाक मारली. ती हाक फार तर त्याच्या स्वतःच्याच गाडीपर्यंत पोचली असेल.

आवाज पूर्वीच्या स्फोटांइतका मोठा नव्हता. दार निघून गल्लीत पडलं. गोधड्या पक्ष्यांसारख्या उडाल्या. मागोमाग जाळ आला, ओट्यापर्यंत आला, उंबऱ्याबाहेर त्यानं तोंड काढलं, आणि विझला. बाहेर साडेअकराची हवा होती. ओट्याच्या कठड्यावर कुंदाचं लुगडं वाळत घातलं होतं, त्याला डागसुद्धा लागला नाही. चांदव्यानं आपलं काम चोख केलं. गल्ली वाचली. आगीला तेवढं एकच ताट वाढलेलं मिळालं होतं.

एकेका परसातला घरघराट बंद होत गेला. पत्रूनं आपल्या बापाचं यंत्र स्वतःच्या हातानं बंद केलं, आणि मग येऊन गाडीला दुसऱ्या बाजूनं हात लावला. दोघांनी मिळून गाडी फाटकाबाहेर नेली.

त्याच संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यात कुंदाला मुलगी झाली. मूठभर पोर, पण रडायला लागली आणि थांबेचना. लटारी घाबरून नर्सला बोलवायला धावला. नर्स म्हणाली की काका, पोरं अशीच रडतात. एवढं लांब रडणं त्यानं फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

पत्रूचा बाप पुढच्याच आठवड्यात गेला. पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी, शेवंताला पोचवायचं होतं. नदीकाठी, चांदव्याबाहेर, जे हाती आलं ते पांढऱ्या कापडात बांधून लाकडावर ठेवलं होतं. सगळं गाव फाटकातून बाहेर आलं होतं. वादळ किनाऱ्यावरच मोडलं होतं, वारा मोकळा वाहत होता, आणि इतकी हवा एकदम मिळाल्यानं कित्येकांना चक्कर येत होती. मुलगा नव्हता, अग्नी लटारीनंच द्यायचा होता. कुणी तरी लायटर पुढे केला. त्यानं तो घेतला नाही.

खिशातून त्यानं आपली आगपेटी काढली. रोजच्या सवयीनं हात लांब धरला, रोजच्या सवयीनं काडी ओढली आणि फुस्स व्हायची वाट पाहत राहिला. डोकं चमकलं. मग जाळ दांडीवर उतरला आणि पिवळा, सरळ, हळूहळू चालत बोटांकडे यायला लागला. लटारी काडीकडे पाहतच राहिला. बोट भाजलं तरी त्यानं ती टाकली नाही. शेवटी पत्रूनंच त्याचा हात धरून लाकडांपाशी नेला.

लाकडं धडाडली तेव्हा गाव मागे उभं होतं. काडी ओढली की दोन शब्द ऐकायची त्यांच्या कानांना सवय होती; नकळत ते थांबले होते. लटारी त्यांच्याकडे वळला. छाती भरून श्वास घेतला, तो सगळाच्या सगळा आत मावला, आणि त्यानं हाळी दिली. त्या मोकळ्या हवेत ती नदीपलीकडे गेली, चांदव्यावर आपटली आणि परत आली.

"पेटली."